या लोखंडावर नारळ फुटणार नाही

मृदंग जरा थांबू द्या, बुवा. टाळकऱ्यांनो, तुम्हीही बसा, पाय मोकळे करा. नामाचा गजर झाला, निरूपण झालं, मागच्या रांगेत दोघांची झोपही झाली. आता आख्यान. आणि आख्यानाच्या आधी एक प्रश्न. मंडळी, ऐका! प्रश्न सोपा आहे, फक्त उत्तर देताना कुणी शेजाऱ्याकडं बघायचं नाही.

गाडी माझी. पैसा माझा. घाम माझा. मग त्या गाडीला मी काय लावीन आणि काय काढीन, हे सांगणारे तुम्ही कोण?

बरोबर आहे का नाही? तिकडं खांबापाशी एकानं मान डोलावली. डोलवा, डोलवा, संकोच नको! हा प्रश्न माझा नाही. मागच्या एका गावात कीर्तन संपल्यावर एक तरुण माझ्याकडं आला. म्हणाला, "महाराज, तुम्ही रोज सांगता, माझं-माझं सोडा. पण गाडी तर माझ्याच नावावर आहे. आरसी दाखवू?" म्हटलं, बाळा, आरसी ठेव खिशात. रस्ता कुणाच्या नावावर आहे तेवढं सांग. तो गप्प बसला. पण गप्प बसला म्हणजे त्याला पटलं असं मी धरत नाही. घरी बायको गप्प बसली म्हणजे पटलं, असं तुम्ही तरी धरता का? म्हणून गोष्ट सांगतो.

खडकमाळ नावाचं गाव. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. पण तुम्ही तिथंच राहता, एवढं आधीच सांगून ठेवतो. गाव घाटाच्या पायथ्याला. जमीन अशी की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. मग पोट कशावर? गाडीवर! घरटी एक ड्रायव्हर. कुणाची माणसं भरून नेणारी वडापची जीप, कुणाचा टेंपो, कुणाची टॅक्सी. आणि गावाची देवी घाटजाई, अगदी घाटाच्या तोंडाशी बसलेली. वर जाणारा ड्रायव्हर तिला हात जोडून जातो, खाली आलेला हात जोडून घरी जातो.

आता या गावची एक प्रथा. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या आणि देवळापुढं रांगेनं उभ्या करायच्या. पुढच्या सीटवर घरची लक्ष्मी बसणार. मांडीवर पाण्याचा तांब्या, वर आंब्याची पानं. ती बसल्याशिवाय पूजा नाही. आणि मग देवीच्या गुरवानं नारळ फोडायचा. कुठं फोडायचा? जमिनीवर नाही, दगडावर नाही, तर गाडीच्या कपाळावर! का? तर गावात पहिली जीप आली तेव्हा तिला पुढं जाड लोखंडी पट्टी होती. त्या वेळच्या गुरवानं तिच्यावर नारळ हाणला, तो ठण्णकन् फुटला, लोक खूश झाले. झाली प्रथा.

प्रथा अशाच होतात, मंडळी. पहिल्यांदा घडलं की योगायोग, दुसऱ्यांदा घडलं की सवय, आणि तिसऱ्यांदा कुणी "का?" म्हणून विचारलं तर पाप!

आमच्या गोष्टीच्या वेळी नारळ फोडायचा मान होता सगुणा गुरविणीकडं. पन्नाशीची बाई. नवरा गेल्यावर देवीची झाडलोट, पूजा, नैवेद्य सगळं तीच करायची. सुरुवातीला गावात कुजबुज झाली, की विधवा बाईनं नारळ फोडावा का? सगुणाबाई चावडीवर गेली आणि म्हणाली, "देवीला माझ्या हातचं पाणी रोज चालतंय. तुमास्नी नारळ चालत नसंल तर देवीशी भांडा." विषय संपला. देवळामागच्या खोलीत ती राहायची. तिचा एकुलता एक मुलगा किसन आणि सून वैजयंता. किसन टॅक्सी चालवायचा. शांत पोरगा, पान नाही, तंबाखू नाही, पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

तर जीपा जुन्या झाल्या, नव्या गाड्या आल्या. नव्या गाडीला कपाळ आहे का? आहे, पण प्लास्टिकचं! आणि एका दसऱ्याला व्हायचं तेच झालं. दगडू निकमानं नवीकोरी पांढरी गाडी आणली. सीटवरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं. सगुणाबाईनं देवीचं नाव घेतलं, नारळ उचलला आणि हाणला. नारळ शाबूत! बंपर उभा चिरला! दगडू असा कळवळला की लोकांना वाटलं याच्याच ओठाला लागलं. नारळ उचलून म्हणतो कसा, "मावशी, ह्यो गाडीत बसवतो, बंपर तुमी प्रसाद म्हणून वाटा."

हसा. मीही हसलो असतो. पण गावात एक गृहस्थ होता, तो हसला नाही. रंगराव शेलार. देवस्थान कमिटीचा अध्यक्ष, आणि गावाबाहेर त्याचं दुकान. पाटी काय? 'श्री घाटजाई कार डेकोर'. वर देवीचा फोटो, खाली हॉर्न टांगलेले. माणूस वाईट नव्हता हो! देवीवर खरी श्रद्धा, आणि धंद्यावर त्याहून थोडी जास्त. त्यानं तोडगा काढला. गाडीच्या पुढं लोखंडी नळ्यांचं मजबूत गार्ड बसवायचं. नारळ त्याच्यावर फोडायचा. प्रथाही राहिली, बंपरही राहिला, दुकानही चाललं!

वर्षभरात एक टॅक्सी सोडली तर गावात गार्ड नाही अशी गाडी राहिली नाही. लोक त्याला नारळगार्डच म्हणायला लागले. कमिटीनं ठराव केला, की गार्ड नसेल तर नारळ नाही. बघा, देवीनं मागितलं नव्हतं. सरकारनं तर उघड सांगितलं होतं, गाडीच्या तोंडाला असलं लोखंड बांधायला कायद्यानं बंदी आहे. पण पोलिसानं अडवलं की ड्रायव्हर काय सांगायचे? "साहेब, देवाचं काम आहे." हवालदारही कधी हात जोडायचा, कधी हात पुढं करायचा. कोणता हात ते तुम्हीच ठरवा.

आणि गार्ड कधी एकटं येतं का? त्याच्यावर दिव्यांची पट्टी आली. समोरच्याला दिवसा चांदण्या दिसाव्यात असा तिचा उजेड! मग हॉर्न आला, म्हैस दावं तोडून पळेल असा. मग सायलेन्सर कापला. काचांना काळी फिल्म लागली. नंबरप्लेटवर नंबर असा वळवून काढला, की वाचायला काशीहून माणूस आणावा.

काय म्हणता तुम्ही, पाटीलबुवा? मोठ्यानं म्हणा, सगळ्यांना ऐकू दे. "महाराज, मग गाडीत काहीच बदलायचं नाही का?"

चांगलं विचारलंत. बदला की! हा आमच्याबरोबरचा टाळकरी बघा, एक पाय अधू आहे त्याचा. त्यानं गाडीत हातानं ब्रेक आणि गॅस दाबायची सोय करून घेतली. पण कशी केली? आधी आरटीओत जाऊन रीतसर अर्ज केला, मान्यतेच्या माणसाकडून काम करून घेतलं, गाडी नेऊन तपासून घेतली, आरसीवर नोंद करून घेतली आणि मग चालवली. गॅसचं किट बसवायचं तरी तसंच, मान्यतेचं आणि नोंद करून. वाटेत तपासणी लागली की हा स्वतःहून काच खाली करतो आणि कागद दाखवतो. आणि तुम्ही? लांबून खाकी टोपी दिसली की गाडी उसाच्या बांधाला घालता! जे लावलंय ते दाखवायची छाती असेल तर तो बदल. जे लपवावं लागतं त्याला काय म्हणतात, ते आपल्या आईला विचारा.

तर पुढं ऐका. किसनच्या टॅक्सीला गार्ड नव्हतं. तो म्हणायचा, "कंपनीनं दिलंय ते बरंय." पण गावात राहायचं तर दसरा करायचा, आणि दसरा करायचा तर गार्ड पाहिजे. लोक आईला बोलायला लागले. "गुरवाच्याच घरची गाडी बिनपूजेची?" शेवटी सगुणाबाईच म्हणाली, "लाव बाबा एकदाचं. देवीची गाडी हाय आपली." किसननं गार्ड लावलं. आईनं आपल्या हातानं त्याच्यावर नारळ फोडला. एका घावात फुटला. खोबरं वाटलं, सगळ्यांनी खाल्लं.

पुढच्या श्रावणात किसन प्रवासी सोडून एकटा घाट उतरत होता. दिवेलागणीची वेळ. वळणावर समोरून जीप आली, दिव्यांची पट्टी पेटवून. किसनच्या डोळ्यांपुढं नुसता पांढरा उजेड झाला. त्याला रस्ता दिसेना, कठडा दिसेना. गाडी कठड्यावर आदळली. वेग फार नव्हता, पट्टा लावलेला होता. गाडीत हवेच्या पिशव्या असतात ना, धडक बसली की फुगतात आणि छाती-डोकं झेलतात? त्या फुगल्या नाहीत. पुढचा सगळा मार स्टिअरिंगवरून त्याच्या छातीवर आला. किसन तिथंच गेला.

जीप थांबली का? नाही. कोण होता त्या जीपमध्ये? वरच्या वळणावरच्या गुराख्यानं नुसती जीप आणि तिचा उजेड पाहिला, आत कोण ते आजतागायत कळलेलं नाही. परका नसावा, त्या घाटात परके कमी जातात. कुणीतरी ओळखीचाच असेल. कदाचित मयतीलाही येऊन गेला असेल, आणि काळी काच वर करून घरी गेला असेल.

गाडी ओढून आणून रंगरावाच्या दुकानामागच्या आवारात ठेवली होती. आरटीओच्या इन्स्पेक्टर मॅडम तपासायला आल्या, तेव्हा सगळं गाव गोळा झालं. सगुणाबाई आली, सून आली. गाडीकडं बघून लोक आपसात बोलायला लागले, "गार्ड बघा हो, नुसता बाक आलाय. बंपर तर फुटलासुदीक न्हाई." रंगराव पुढं झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं ते. म्हणाला, "वैनी, देवीनं गाडी राखली."

सगुणाबाईनं गार्डावर हात ठेवला. म्हणाली, "राखली खरी. आन् किसन?"

मग तिनं मॅडमना विचारलं, "बाई, समदं लोखंड जागच्या जागी हाय, मग माझा पोरगा कसा गेला?"

त्या मॅडमनी तिला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं. "मावशी, गाडीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. तो स्वतः चुरगळतो आणि धक्का खातो, म्हणून आतल्या माणसाला कमी लागतं. हे गार्ड सरळ गाडीच्या सांगाड्याला बांधलंय. ते चुरगळत नाही, धक्का तसाच आत पाठवतं. आणि पिशव्या कधी फुगायच्या, ते पुढून धक्का कसा आला यावरून गाडी ठरवते. मध्ये हे लोखंड आलं की तिचा अंदाज चुकतो. कधी त्या उशिरा फुगतात, कधी फुगतच नाहीत. म्हणून तर यावर बंदी आहे."

"म्हंजी ते फुटायला पायजे व्हतं?"

"हो मावशी. ते फुटायला पाहिजे होतं."

सगुणाबाई घरी आली. रडली, खूप रडली. आईनं रडायचं नाही तर कुणी? आणि मग देवीपुढं बसून राहिली. पुढ्यात कुणीतरी आणून ठेवलेला नारळ होता. शेंडी, दोन डोळे, एक तोंड. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं ते इतक्या पिढ्यांत एकाही गुरवाच्या ध्यानात आलं नव्हतं. नारळ का फोडतो आपण? आपलं डोकं फुटू नये म्हणून त्याचं डोकं देतो! फुटायचं ते बाहेर फुटतं, म्हणून आतलं वाचतं. अहो, दगडू निकमाचा बंपर देवीपुढं चिरला तेव्हा तो अपशकुन नव्हता. गाडी सांगत होती, मी तुमच्याआधी फुटायला तयार आहे. आणि गावानं काय केलं? तिला फुटूच दिलं नाही!

दसरा जवळ आला. सगुणाबाईनं रंगरावाला निरोप धाडला, की गार्ड लावलेल्या एकाही गाडीला मी नारळ फोडणार नाही. रंगराव धावत आला. म्हणाला, "वैनी, दुःख कळतंय. पण गावाची प्रथा हाय. तुमी नाही म्हणाला तर कमिटी दुसरा माणूस नेमंल. मग पूजेचा हक्क जाईल, देवळामागची खोली जाईल. वैजयंताला घिऊन कुटं जाशीला?"

म्हणजे बघा हं मंडळी, बाईपुढं काय वाढून ठेवलं होतं. नवरा गेला, मुलगा गेला. उरली होती देवी आणि डोक्यावरचं छप्पर. तीन पिढ्यांची सेवा. एक नारळ फोडला असता की सगळं राहिलं असतं! एक घाव, दोन मिनिटांचं काम. तुम्ही काय केलं असतं? आत्ता नका सांगू, घरी गेल्यावर उशीला सांगा.

सून म्हणाली, "आत्या, माझ्या माहेरी जाऊ."

"जाऊ," सगुणाबाई म्हणाली. "पण दसरा करून जाऊ."

दसरा उजाडला. देवळापुढं गाड्यांची रांग लागली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, गार्डं घासूनपुसून चकचकीत. सगळ्यांत पुढं रंगरावाची नवी काळी उंच जीप. मोठाली चाकं, गार्ड, वर दिव्यांची पट्टी, काचा इतक्या काळ्या की आत माणूस आहे की देव, कळू नये. सगुणाबाई देवळातून आली. कपाळ मोकळं, पदर खोचलेला, हातात नारळ. गाडीसमोर उभी राहिली. हलगी थांबली. लोकांना वाटलं, आली बाई वळणावर.

तिनं नारळ खाली ठेवला आणि म्हणाली, "या लोखंडावर माझा नारळ फुटणार न्हाई."

रंगराव हळू आवाजात म्हणाला, "वैनी, रांग लागलीया. गावापुढं तमाशा नको."

"तमाशा म्या करत न्हाई, भावजी. ही गार्डं काढा, म्या येकेका गाडीला दोन-दोन नारळ फोडते."

"पण का काढायची?" आता रंगरावाचाही आवाज चढला. "गाडी आमची, पैसा आमचा. आमी त्याला काय लावावं, ते तुमी कोण सांगणार?"

आला का प्रश्न? आला! सुरुवातीला मी विचारला तोच. आणि मंडळी, मोठमोठ्या पंडितांना बसवून या प्रश्नाचा काथ्याकूट केला असता तर रात्र सरली असती. त्या बाईनं दोन वाक्यांत उत्तर दिलं.

"गाडी तुमची, भावजी. किसन माझा व्हता."

अहो, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. तुझी गाडी तुझ्या दारात उभी आहे तोवर तुझी. रस्त्यावर आली की समोरून कुणाचा तरी किसन येत असतो.

पण रंगरावही हार मानणारा नव्हता. त्यानं पुतण्याला हाक मारली. "घे रं नारळ. तू फोड. देवी काय एकट्या गुरवाची हाय व्हय?" पुतण्यानं नारळ घेतला. सगुणाबाईनं त्याला अडवलं नाही. ती जीपच्या डाव्या बाजूला गेली आणि काळ्या काचेवर टकटक केलं. काच खाली झाली. आत रंगरावाची बायको हौसाबाई, नवं लुगडं, मांडीवर तांब्या.

सगुणाबाई म्हणाली, "हौसा, म्या माझ्या हातानं नारळ फोडला आन् पोरगं घाटात घातलं. मला कुणी सांगितलं न्हवतं. तुला म्या सांगतीया. पुढं लोखंड हाय, ते फुटणार न्हाई. मग काय फुटंल, ते तू ठरव. बसायचं तर बस."

हौसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. समोरच्या गार्डाकडं बघितलं. मग दार उघडलं, तांब्या सांभाळत खाली उतरली आणि सगुणाबाईशेजारी जाऊन उभी राहिली.

"अगं, बस की आत!" रंगराव म्हणाला.

"लोखंड काढा, बसते," हौसाबाई म्हणाली.

पुतण्या नारळ घेऊन तसाच उभा. फोडावा कसा? घरची लक्ष्मी सीटवर बसल्याशिवाय पूजा नाही, ही कुणाची प्रथा? गावाची! प्रथा प्रथा म्हणून कोण ओरडत होतं? रंगराव! आता पाळ की बाबा प्रथा!

आणि मग दुसऱ्या गाडीचं दार वाजलं. मग तिसऱ्या. दगडू निकमाची म्हातारी आई उतरली, तिला धरून सून उतरली. बाया उतरत गेल्या आणि तांबे घेऊन देवळाच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भाषण केलं नाही. रांगेत सजवलेल्या गाड्या, आणि पुढच्या सीटा रिकाम्या.

पहिला हलला दगडू. गाडीतून पाना काढला, खाली बसला आणि बोल्ट सोडायला लागला. "तवाच बंपर फुटू दिला असता तर बरं झालं असतं, मावशी," असं काहीतरी पुटपुटत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. गार्ड निघालं. गाडी कशी दिसली? उघडी, बापुडवाणी दिसली! पण खरी दिसली. त्याची आई परत सीटवर बसली. सगुणाबाईनं देवीच्या पायरीजवळचा एक सपाट दगड उचलून आणला, चाकापुढं ठेवला आणि त्या दगडावर नारळ फोडला. पाणी रस्त्यावर सांडलं. हलगी वाजली. बोला, घाटजाईच्या नावानं चांगभलं!

आता तुम्हाला वाटतंय, सगळ्यांनी गार्डं काढली, रंगरावानं पाय धरले, सगुणाबाईची मिरवणूक निघाली. नाही हो! मला गोड करून सांगता येईल, टाळ्याही पडतील, पण मी खोटं सांगायला उभा नाही. निम्म्या गाड्यांची गार्डं निघाली. बाकीचे हॉर्न वाजवत, धूळ उडवत निघून गेले. रंगरावानं काही काढलं नाही. दिवाळीआधी कमिटीची बैठक झाली, पूजेचा हक्क दुसऱ्याला दिला. देवळामागच्या खोलीला कुलूप लागलं. सगुणाबाई आणि वैजयंता, दोघींनी आपलं सामान उचललं आणि बाहेर पडल्या. देवीची सेवा करणारी बाई देवीच्या दारातून बाहेर!

माहेरी गेल्या का? नाही गेल्या. घाटाच्या तोंडाशी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. वैजयंतानं चहा आणि भज्यांचा गाडा लावला. हक्कासाठी कोर्टात दावा लावलाय, तारखा पडतायत, निकाल नाही. बाईला विचारलं, हरलात तर? ती म्हणते, "हरंन. पण त्या लोखंडावर फोडणार न्हाई." आणि दर दसऱ्याला ती तो सपाट दगड घेऊन घाटाच्या तोंडाशी उभी राहते. ज्याच्या गाडीला लोखंड नाही, आंधळं करणारे दिवे नाहीत, त्याची गाडी तिथं थांबते आणि चाकापुढं नारळ फुटतो. देवळात कमिटीचा माणूस गार्डावर नारळ फोडतो, आणि इकडं ही. रांग कुठं मोठी असते, ते मी सांगत नाही. तुम्ही कधी त्या घाटातून गेलात तर बघा.

आणि हौसाबाई? तिच्या दारात ती काळी जीप अजून उभी आहे. पण बाई बाजाराला एसटीनं जाते! लेकीकडं जायचं तरी एसटी. गावात रंगरावाला लोक विचारतात, "काय अध्यक्ष, वैनी कुठं?" तो म्हणतो, "स्टँडवर." अध्यक्षाला रोज आरसा दाखवायला दुसरं कुणी लागत नाही.

झाली गोष्ट. टाळ्या नको. टाळ्या वाजवल्या की गोष्ट माझी होते, आणि मला ती तुमच्या गळ्यात घालायची आहे.

तुम्ही म्हणाल, महाराज, देवाधर्माचं सांगायचं सोडून हे आरटीओचं काय काढलंत? अहो, 'मी' आणि 'माझं' याशिवाय दुसरं काय सांगतो आम्ही इथं उभं राहून? तुम्ही माळ घालता, एकादशी धरता, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बघून चालता. आणि तोच माणूस स्टिअरिंगवर बसला की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड फेकतो, झोपलेल्या तान्ह्या पोराच्या खिडकीखालून सायलेन्सर फोडत जातो, आणि वर नंबरप्लेटच्या जागी देवाचं नाव लिहितो! देवाचं नाव लावून पळून जायचं? कुणाला फसवताय? त्या हवालदाराला फसवाल. पट्ट्याच्या जागी नुसती क्लिप खोचून 'पट्टा लावा' म्हणणारी गाडीची टुणटुण बंद कराल. देवाची कशी बंद कराल?

रागावू नका. रागावा, हरकत नाही! पुढच्या वर्षी बोलावू नका मला. तुमची कमिटी इथं पुढ्यात बसली आहे, तिची मान मघापासून खाली आहे, मला दिसतंय. सगुणाबाईनं देऊळ सोडलं, मला एका गावाचं कीर्तन सोडायला काय होतंय?

पुरुषांना मी काही सांगत नाही. त्यांना कायद्यानं सांगून झालं, पोलिसांनी सांगून झालं, त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, गाडी माझी. मी बोलतोय बायांशी. आयांनो, मावश्यांनो, लेकींनो, उठा. होय, आत्ता. आरतीच्या आधी. बाहेर माळावर गाड्या लावल्या आहेत, अजून उजेड आहे. ज्या गाडीतून आलात तिच्या समोर जाऊन उभ्या राहा आणि तिच्या तोंडाकडं बघा. बसण्यासारखी असेल तर परत या. नसेल, तर तिथंच उभ्या राहा, आणि किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याला बाहेर येऊ दे.

मृदंग नको, बुवा. ताटात कापूर लावू नका अजून. जा बायांनो, आम्ही थांबतो. आरती थांबेल, देवही थांबेल.